चौथ्या भावंडाचा पुरावा

३ जानेवारी

घराण्याचा इतिहास लिहायला घेतला. आमच्या घरात आजवर कोणी काही लिहून ठेवलेलं नाही. बोललेत मात्र सगळे भरपूर. म्हणून माझा नियम एकच: ज्याला पुरावा नाही ते वाक्य पुस्तकात नाही. प्रत्येक वाक्याला आकडा, आकड्याला तळटीप. मी चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली आहेत. टेलिफोनच्या यादीत माझ्या हातून एकाचा नंबर दुसऱ्याला गेला नाही, तर घरच्या माणसांच्या तारखा काय इकडच्या तिकडे होणार आहेत?

तळटीप क्रमांक एक: माझा जन्मदाखला. ९ मार्च १९५४. शिक्का, सही, नोंदणी क्रमांक, सगळं ठसठशीत. सुरुवात पक्क्या जमिनीवरून करावी.

बायकोने पहिलं पान वाचलं. "तीन ओळी मजकूर आणि अकरा ओळी टिपा. नाकापेक्षा मोती जड," म्हणाली. तिला संशोधनाची पद्धत माहीत नाही.

६ जानेवारी

पुरावे कुठे कुठे सापडतात हे लिहून ठेवण्यासारखं आहे. आजोबांचं लग्न कधी झालं याचा कागद नाही. पण भिंतीवरच्या घड्याळाचं मागचं झाकण उघडलं तर आत घड्याळजीने दुरुस्तीच्या तारखा कोरलेल्या आहेत, आणि सगळ्यात वरती "लग्नाची भेट" असं वर्षासकट. तळटीप: "घड्याळ, भिंतीवरचं, झाकणाची आतली बाजू. बंद आहे." बंद आहे हे लिहायची गरज नव्हती असं बायको म्हणते. माझ्या मते वाचकाला पुराव्याची अवस्था कळली पाहिजे.

आजोबांना डाव्या पायाने लंगडत चालायची सवय होती, हे त्यांच्या जुन्या बुटांवरून सिद्ध झालं. उजवी टाच पार झिजलेली, डावी जशीच्या तशी. तळटीप: "बूट, एक जोडी."

११ जानेवारी

ताईकडे गेलो. ताई आम्हा भावंडांत सगळ्यात मोठी, माझ्याहून नऊ वर्षांनी. मग दादा, मग मी. तिला आई-वडिलांचं प्रकरण वाचून दाखवलं. "त्यांना तीन अपत्यं झाली," इथपर्यंत आलो तर म्हणाली, "चार."

"चौथं कोण?"

"तुझ्या आधी एक झाला होता. मुलगा. एक्केचाळीस दिवस होता."

मी पासष्ट वर्षांत हे प्रथम ऐकलं. वही काढली. नाव काय, जन्म कधी, मृत्यूची नोंद कुठे आहे, असं क्रमाने विचारलं. ताई ताकास तूर लागू देईना. म्हणाली, "नाव नको, तारीख नको. एक होता, एवढंच लिही."

"तुझं वय काय होतं तेव्हा?"

"नऊ."

हे जमत नाही. ताई नऊ वर्षांची असताना मी झालो. म्हणजे ती त्याची आणि माझी गल्लत करते आहे. तसं मी तिला सांगितलं, आणि ऐकीव माहिती घेता येत नाही हेही सांगितलं.

"ऐकीव काय रे धाकट्या? मांडीवर घेऊन बसायचे मी त्याला. पाढे म्हटले की गप्प व्हायचा. माझा सातचा पाढा त्याच्यामुळे पाठ झालाय."

"मांडीला तळटीप देता येत नाही, ताई."

तिने माझ्या हातातली वही मिटली. मग म्हणाली, "आई गेली, वडील गेले. दादा तेव्हा एवढासा, त्याला काही आठवत नाही. उद्या मी गेले की तो कोणाच्याच लेखी राहणार नाही. तेवढ्यासाठी सांगितलं." आणि उठून वाळलेले कपडे घड्या करायला लागली. मीही चार घड्या केल्या. माझ्या घड्या तिने नंतर मोडून पुन्हा घातल्या.

१६ जानेवारी

नोंदणी कचेरीत सबंध दिवस. १९४९ ते १९५३ पर्यंतची जन्माची पानं पाहिली. आमच्या आडनावाचा एकच मुलगा, तो दादा. १९५४ पाहायची गरज नव्हती, तो मी. पुढची दोन वर्षंही चाळली, मृत्यूचं दफ्तरही पाहिलं. काही नाही.

कारकून बाई चांगल्या होत्या. मी म्हटलं, नोंद नाही म्हणजे घटना नाही. तर त्या म्हणाल्या, "नोंद नाही म्हणजे नोंद नाही, काका. माणूस झालेलंच असतं." सरकारी खुर्चीवरून असं बोलणं मला बरं वाटलं नाही.

१९ जानेवारी

दादाकडे. तो मला 'तळटीप' म्हणतो, मी लक्ष देत नाही. त्याच्याकडे वडिलांचं लाकडी कपाट आहे. त्यात तो चपला ठेवतो. डाव्या दाराच्या आतल्या बाजूला वडील दर एक जानेवारीला आमच्या उंचीच्या रेघा मारायचे. वडील कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. मोजलं नाही असं त्यांनी काही सोडलं नाही.

चपला बाहेर काढून, दारात आडवा होऊन सगळं उतरवून घेतलं. निष्कर्ष: मी लहानपणी कमालीचा खुजा होतो. माझी पहिली रेघ १ जानेवारी १९५७ ची, म्हणजे मी पावणेतीन वर्षांचा. उंची एकोणतीस इंच. दादा दीड वर्षाचा असताना एकतीस होता. त्याआधीच्या जानेवारीत मला मोजलेलंच नाही. एक वर्ष वडिलांच्या हातून राहून गेलेलं दिसतं.

शाळेतही वर्गात मी सगळ्यात बुटका होतो आणि पहिलीत दोन वर्षं बसलो. कारण अज्ञात. पुढे दादाच्या बरोबरीने वाढलो. तळटीप: "कपाट, डावं दार. वास येतो."

दादाला चौथ्या भावंडाबद्दल विचारलं. म्हणाला, "मला कालचं जेवण आठवत नाही. पण ताई उगाच बोलणाऱ्यातली नव्हे." हे प्रशस्तिपत्र झालं, पुरावा नव्हे.

२४ जानेवारी

मोठा दिवस. आईचे कपडे ज्या शिंप्याकडे शिवायचे त्या दुकानात आता त्याचा मुलगा बसतो. तोही सत्तरीचा. बापाच्या मापांच्या वह्या त्याने टाकलेल्या नाहीत. १९५३ ते ५६ ची वही बेतायच्या टेबलाच्या आखूड पायाखाली होती. "काढा, पण टेबल डुगडुगलं तर माझी कात्री वाकडी जाते," म्हणाला. मी घरी जाऊन टेलिफोनची यादी घेऊन आलो, माझ्या तपासणीतली. जाडी तंतोतंत जुळली. इतक्या वर्षांनी ती कोणाच्या तरी उपयोगी पडली.

आईच्या नावाचं अख्खं पान आहे. एरवी कंबर सत्तावीस. मग:

१८ जानेवारी १९५४. कंबर ३९. सैल. चार इंच माया.

'माया' म्हणजे शिवणीच्या आत ठेवलेलं जादा कापड, पुढे सोडता यावं म्हणून. ही नोंद अर्थात माझी. मार्चमध्ये मी झालो.

२३ एप्रिल १९५४. झबली तीन, तयार. न्यायला आले नाहीत.

वडील कामात असावेत.

जून १९५४. कंबर २८. आधीचे दोन परकर आवळून दिले. झबली नकोत म्हणाल्या.

तोवर मला ती लहान झाली असणार. हे दाराच्या पुराव्याशी जुळत नाही, पण एकाच माणसाबद्दलचे दोन पुरावे नेहमी जुळतातच असं नाही. आणि आता मुख्य नोंद:

२ सप्टेंबर १९५५. कंबर ३८. जुनेच उसवून सैल केले. माया होती.

मी तिथेच खाली बसलो. शिंप्याने पाणी दिलं. १९५५! आई पुन्हा गरोदर होती, आणि त्या वर्षी आमच्याकडे कोणाचा जन्म नोंदलेला नाही. चौथं भावंड सापडलं. ताई खरं बोलत होती, फक्त क्रमात चुकली. तो माझ्या आधीचा नव्हे, नंतरचा.

टेबलाखालची यादी तशीच ठेवून वही घेऊन आलो. पावती दिली.

२५ जानेवारी

बायकोला वही दाखवली. तिने आईचं पान दोनदा वाचलं. झबल्यांच्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसली. मग विचारलं, "तुमची उंचीची ती रेघ केव्हाची म्हणालात?" सांगितलं. "आणि पहिलीत दोनदा का बसलात?" म्हटलं, त्याचा इथे काय संबंध. "काही नाही," म्हणाली, "ताईंकडे जाताना जरा जपून बोला." मी नेहमी जपूनच बोलतो.

२६ जानेवारी

ताईकडे गेलो. वाटलं होतं, खूश होईल. मसुदा वाचून दाखवला: "चौथं अपत्य, मुलगा, जन्म १९५५ च्या उत्तरार्धात, अल्पवयात मृत्यू. आधार: शिंप्याची वही."

ताईचा चेहरा पडला. "तो तुझ्या आधीचा होता."

"वहीत तसं नाही."

"वहीला काय माहीत?"

"ताई, वहीला कोणाला खूश करायचं नसतं. म्हणून तर ती वही."

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "खोटं लिहिण्यापेक्षा लिहूच नकोस. खोड ते सगळं. इतकी वर्षं नव्हता, आणखी थोडी नसेल."

मी तिला भलत्याच वर्षाचा पुरावा दिला असं तिचं म्हणणं. पण पुरावा आपण देत नसतो, तो सापडतो. हे मी दारातून बाहेर पडताना म्हटलं. दार तोवर लागलं होतं.

३० जानेवारी

ताईचा फोन नाही. एरवी दिवसाआड असतो.

छापखान्याला दहा तारखेपर्यंत मजकूर हवा आहे. मी दोनदा फोन उचलला आणि ठेवला. मला राग आला आहे असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, हा राग नव्हे. मग काय, ते सांगितलं नाही.

१ फेब्रुवारी

सकाळी बायकोने जेवणाच्या टेबलावर तीन कागद शेजारी शेजारी मांडले. दाराच्या रेघा, शिंप्याचं पान, माझा दाखला. म्हणाली, "तुम्ही दुसऱ्याच्या घरातलं मुद्रित आहे असं समजा आणि तपासा. चूक कुठे आहे?"

मी तपासलं. सवयीप्रमाणे शेवटाकडून सुरुवातीकडे. जानेवारी १९५७ ला एकोणतीस इंचाचं मूल वर्ष-सव्वा वर्षाचं असतं. ते सप्टेंबर १९५५ च्या कापडात बसतं. मार्च १९५४ च्या मुलाची झबली एप्रिलमध्ये कोणी न्यायला आलं नाही.

चूक पहिल्या तळटिपेत आहे.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," बायको म्हणाली. पण चिडवायच्या आवाजात नव्हे.

मसुद्यात मी ज्याच्यापुढे "अल्पवयात मृत्यू" लिहिलं होतं, तो मीच. खोडलं.

२ फेब्रुवारी

काही लिहिलं नाही.

३ फेब्रुवारी

दाखला घेऊन ताईकडे गेलो. तिच्यापुढे ठेवला. "हा कोणाचा?"

ताईने हातही लावला नाही. "कोणी सांगितलं तुला?"

"शिंप्याने, कपाटाने आणि बायकोने."

"त्याचा," ती म्हणाली.

मग एकेक सांगत गेली. एकोणीस एप्रिलला ती शाळेतून आली तेव्हा पाळणा जागेवर नव्हता. आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. वडील कपाट पुसत होते. कोणी काही बोललं नाही, तिनेही विचारलं नाही. मृत्यूची नोंद करायला आईने वडिलांना जाऊ दिलं नाही. पुढे मी झालो, तर माझीही नोंद करू दिली नाही. नवा दाखला काढायला गेलं तर पहिल्याचं काय झालं हे लिहून द्यावं लागेल, अशी तिची धास्ती. शाळेत घालताना कागद मागितला तेव्हा आईने ट्रंकेतून हा काढला आणि वडिलांच्या हातात दिला. नाव तेच होतं, त्यामुळे अडचण आली नाही.

"नाव तेच का ठेवलं?"

"आईच्या तोंडात बसलं होतं रे. एक्केचाळीस दिवसांत बसतं नाव."

मी विचारलं, मग अकरा तारखेलाच का नाही सांगितलंस? तारीख होती, नाव होतं, सही-शिक्क्याचा पुरावा होता. त्याला पुस्तकात घालायचं एवढं मनात होतं, तर एका वाक्यात काम झालं असतं.

"आणि तुझं काय झालं असतं? तुला प्रत्येक गोष्टीला कागद लागतो. तुझाच कागद मी कसा काढून घेऊ? आईने बजावलं होतं, धाकट्याला कधी सांगू नकोस. त्याला वाटेल आपण उसने आहोत."

मला वाईट वाटलं. खूप वाटलं. त्या बाळाचं, आईचं, आणि तीन आठवडे मी ताईला ऐकीव म्हणत होतो त्याचं. मी रडलो. साधारण चार मिनिटं. ताईने चहा केला आणि साखर विसरली.

५ फेब्रुवारी

बायकोने हिशोब मांडला. लग्नात तिला सांगितलं होतं की मुलगा दहा महिन्यांनी मोठा आहे. आता ती माझ्याहून दहा महिन्यांनी मोठी निघाली. "म्हणजे इतकी वर्षं एका पोराला अहो-जाहो केलं मी." शिवाय मी वीस महिने आधी निवृत्त होऊन तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसलो, तेही तिने काढलं. दादाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "तरीच. गोट्यांत तुला हरवण्यात काही मोठेपणा नव्हता तर." संध्याकाळी तो स्वतः येऊन कपाटाचं डावं दार देऊन गेला. बिजागरीसकट.

७ फेब्रुवारी

शिंप्याची वही परत केली. त्याने यादी काढायला नकार दिला, म्हणाला टेबल आता पहिल्यापेक्षा चांगलं उभं आहे. वही फळीवर ठेवून घेतली.

प्रकरण पुन्हा लिहिलं. "आई-वडिलांना चार अपत्यं झाली." तिसरं, मुलगा, जन्म ९ मार्च १९५४, मृत्यू १९ एप्रिल १९५४. मृत्यूला आधार शिंप्याच्या वहीतली न नेलेली झबली, जन्माला आधार तळटीप क्रमांक एक. ती त्याला दिली. त्याला शोभून दिसते.

चौथा मी. तिथे पेन थांबलं. नोंदणी दफ्तरात मी नाही. शाळेच्या दाखल्यावर, निवृत्तीच्या आदेशावर, लग्नाच्या कागदावर सगळीकडे तोच आहे. कपाटाचं दार फार तर म्हणतं की १९५७ साली एकोणतीस इंचाचं कोणीतरी उभं होतं. माझ्याच नियमाने मला पुस्तकात घेता येत नाही.

९ फेब्रुवारी

उद्या मजकूर द्यायचा. सकाळी ताई स्वतःच आली. तिला तिसऱ्याची नोंद वाचून दाखवली. तिने ती पुन्हा वाचायला लावली. मग कागद हातात घेऊन स्वतः वाचली, ओळीवर बोट फिरवत. "आता मी मेले तरी चालेल," म्हणाली. बायकोने तिला असं बोलू नका म्हणून दटावलं. "बरं, नाही मरत," ताई म्हणाली.

मग मी वही काढली आणि तिला माझी जन्मतारीख विचारली.

"तारीख नाही रे आठवत. थंडी पडायला लागली होती. शाळेतून आले तर आतून रडण्याचा आवाज. मी दारातच उभी राहिले. आत येईना. आई म्हणाली, ये गं, बघ तरी. मी नाहीच गेले. दुसऱ्या दिवशी गेले."

"का?"

"मागचं माहीत होतं ना. मग रोज शाळा सुटली की पळत यायचे. दप्तर खांद्याला तसंच, चपला न काढता आत. आहेस का बघायला. एक्केचाळीस दिवस झाले, बेचाळीस झाले, तरी पळतच. तू चालायला लागलास तेव्हा कुठे थांबले."

मी विचारलं, रोज? म्हणाली, रविवार सोडून. रविवारी ती घरीच असायची.

चौथ्या नोंदीत असं लिहिलं:

"चौथं अपत्य, मुलगा. जन्म १९५५, थंडीच्या सुरुवातीला. आधार: ताई. रोज पाहिलेलं. दुसरा पुरावा शोधलेला नाही."